भुंड्या वळूची वासरं

व्हर्लिन केल्गार्डला मी मित्र म्हणायचो. अजून दुसरा शब्द सापडलेला नाही.

तो शहात्तरचा, मी एकोणतीसचा. गावातल्या शाळेत मी साहित्य शिकवतो. दर रविवारी दुपारी त्याच्या रँचवर जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते खेळायचे, पातळ कॉफी प्यायची आणि त्याने जगाला घातलेल्या शिव्या ऐकायच्या, असा आमचा परिपाठ होता. तो मला मास्तर म्हणायचा. त्या शब्दात मान नव्हता.

"मास्तर," पानं पिसता पिसता तो म्हणायचा, "पुस्तकांनी पोट भरत असतं तर ग्रंथालयात गाढवं चरली असती."

मी हसायचो. नेब्रास्कातल्या आमच्या या वाळूच्या टेकड्यांत माणसं फार बोलत नाहीत. हवा, गवत, पवनचक्कीचं पाणी, एवढ्यात त्यांचा दिवस उरकतो. व्हर्लिन बोलायचा, आणि एकाच सुरात बोलायचा. त्याला सगळ्याचा तिटकारा होता.

नव्या पाद्र्याचा होता, कारण तो प्रवचनात विनोद सांगायचा. जनावरांच्या डॉक्टरचा होता, कारण तो हातमोजे घालायचा. लोकांच्या काळ्या गाईंचा होता. त्यांना तो कोळसा म्हणायचा. बायको गेली तेव्हा लोक त्याचा हात हातात घ्यायला रांगेने आले. त्याने शवपेटीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "लाकूड हलकं दिलंय."

एका गोष्टीचा त्याला तिटकारा नव्हता. शिंगांचा.

केल्गार्डांच्या चार पिढ्यांनी हेरफर्ड गाई राखल्या. तांबडं अंग, पांढरं तोंड आणि शिंगं. ही शिंगं मोकळी सोडली तर वर जातात, आडवी जातात, वाटेल तशी जातात. व्हर्लिनच्या घरी ती वळवली जात. वासरू वर्षाचं झालं की शिंगांच्या टोकांना ओतीव लोखंडाची वजनं स्क्रूने आवळायची. काही महिन्यांत शिंग खाली आणि पुढे येतं, झुपकेदार मिशीसारखं. वजन लवकर काढलं तर शिंग अर्धवट राहतं, उशिरा काढलं तर टोक गालात शिरायला बघतं. म्हणून रोज पाहावं लागतं. व्हर्लिन रोज पाहायचा. शिंगावरून तळवा फिरवायचा, बोटांनी वाक जोखायचा, एक वजन उतरवायचा, हलकं चढवायचा. त्याची मुलगी ट्वायला सांगते, ती तापाने फणफणलेली असताना तिच्या कपाळाला त्याने कधी हात लावलेला तिला आठवत नाही.

ही झाली राखलेली शिंगं. जी जनावरं विकायची, त्यांची शिंगं व्हर्लिनलाही ठेवता येत नसत. गाडीत कोंबली की ती एकमेकांना भोसकतात, मांस काळंनिळं पडतं, व्यापारी नाक मुरडतो. म्हणून दर वर्षी वासरांना मालकीचा डाग देतात त्या डागणीच्या दिवशी विकायच्या गोऱ्ह्यांच्या शिंगांचे कोंब धारदार चमच्यासारख्या हत्याराने खोदून काढायचे आणि वर तापलेलं लोखंड टेकवायचं. लहानपणी डोकी धरण्याचं काम ट्वायलाकडे होतं. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडायची.

"बाबा, तू जेवढी शिंगं राखतोस, त्याच्या दसपट खोदून फेकतोस," ती एकदा माझ्यासमोरच म्हणाली.

"राजाची सगळी पोरं गादीवर बसत नाहीत," तो म्हणाला.

ट्वायला ओमाहातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आली होती. व्हर्लिनचे गुडघे गेले होते. तिच्याशिवाय रँच चालणार नव्हती. हे त्याला कळत होतं, आणि आपल्याला ते कळतं याचाही त्याला तिटकारा होता.

तिला एकच बदल हवा होता. भुंडा वळू.

भुंडे हेरफर्ड आमच्याकडे नवे नाहीत. तेच तांबडं अंग, तेच पांढरं तोंड, फक्त डोक्यावर काही नाही. जन्मतःच नाही. पलीकडच्या खोऱ्यातला डेल्मर पोकोर्नी तीस वर्षं असेच वळू तयार करत होता. डेल्मर सावकाश बोलणारा, सरळ माणूस. व्हर्लिन त्याच्या वळूंना उकडलेले बटाटे म्हणायचा. डेल्मर तेही ऐकून घ्यायचा आणि दर वर्षी केल्गार्डांच्या डागणीला दोर घेऊन न चुकता यायचा. आमच्याकडे डागणीला मजूर लावत नाहीत. शेजारी एकमेकांकडे जातात. मजुरी नसते. जेवण असतं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी ट्वायला आमच्या टेबलाशी येऊन बसली. तिने व्हर्लिनच्या हातातली पानं काढून घेतली.

"डाव चाललाय," तो म्हणाला.

"तोच समजावते. वासराला प्रत्येक गुणाची दोन पानं मिळतात. एक बापाकडून, एक आईकडून. भुंडेपणा म्हणजे हुकूम. शिंग म्हणजे साधं पान. एक हुकूम आला तरी वासरू भुंडं. तुझ्या गाईंकडे सगळी साधी पानं आहेत. डेल्मरकडे एक वळू आहे, बिस्किट नावाचा, त्याच्याकडे दोन्ही हुकूम आहेत. तो दुसरं काही खेळूच शकत नाही. त्याचं एकही वासरू शिंगाचं होणार नाही. खोदायला नको, जाळायला नको."

"दोन्ही हुकूम आहेत हे कुणी पाहिलं?"

"शेपटीचे केस उपटून तपासायला पाठवतात."

व्हर्लिन माझ्याकडे वळला. "ऐकलंस मास्तर? वळू कसा आहे हे आता शेपटीला विचारतात. पुढून बघायला भीती वाटत असेल."

"थट्टा पुरे," ट्वायला म्हणाली. "मी इथे राहायचं की नाही, ते आज ठरव. वासरांची डोकी धरायला मी परत आलेली नाही. एक वळू, एक उन्हाळा, तीसेक गाई. एवढंच मागते."

त्याने टेबलावरची पानं गोळा केली. मग म्हणाला, "त्याचं एक जरी वासरू शिंगाचं निघालं, तर या घरात भुंडा हा शब्द पुन्हा काढायचा नाही. तोंड मिटून माझ्या गाई माझ्या पद्धतीने राखायच्या."

"आणि एकही नाही निघालं तर?"

"तर रँच तुझी. मी खुर्चीत बसेन आणि गप्प राहीन."

"गप्प राहशील?"

"बसेन तरी."

मीही हसलो, तीही हसली. शेवटी त्याने एक अट वाढवली. वळू आणायचा तर हेरफर्डच आणायचा. "काळा नको. पांढऱ्या तोंडाचा आण. निदान लांबून तरी लाज जाणार नाही." ट्वायलाला भुंडा हेरफर्डच हवा होता. तिने ते लगेच मान्य केलं. दाराशी निरोप देताना ती मला हळूच म्हणाली, "म्हातारा नरमलाय रे."

ओमाहात साठवलेल्या पैशांतून तिने बिस्किट घेतला. दोन वर्षांचा, अंगाने भरलेला, स्वभावाने गोगलगाय. जूनच्या शेवटी तो तीस गाईंत सोडला. व्हर्लिनचा थोरला वळू जज, ज्याची शिंगं जिल्ह्यात सगळे ओळखतात, पलीकडच्या कुरणात होता. मधे कुंपण होतं. जुलैच्या सुरुवातीला ट्वायला तीन आठवड्यांसाठी ओमाहाचं घर रिकामं करून द्यायला गेली. सामान बांधलं, किल्ल्या दिल्या आणि कायमची परत आली. बिस्किट गाईंत चरत होता. जज त्याच्या कुरणात होता.

वसंतात गाई व्यायला लागल्या. वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर शिंग नसतंच. केसांचा भोवरा असतो, त्याखाली बोटाला काही लागतं किंवा लागत नाही. ट्वायला पहिली वासरं चाचपायची आणि रात्री मला फोन करायची. "गुळगुळीत आहे. टाळूला जरा उंचवटा आहे, भुंड्यांना असतो तसा."

मग एका रविवारी मी गेलो तेव्हा ती गोठ्यात गुडघ्यांवर बसलेली होती. एक वासरू तिने मांडीत धरलं होतं. अंगठा कानाच्या वरच्या बाजूला पुन्हा पुन्हा फिरवत होती.

"इथे बघ," ती म्हणाली.

मी बोट लावलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

कुंपणावर कोपर टेकून व्हर्लिन उभा होता. "काय गं," तो म्हणाला, "बटाट्याला कोंब फुटले का?"

ते एकच वासरू नव्हतं. अर्ध्याअधिक वासरांना कोंब होते. ट्वायलाने वाद घातला नाही. तिच्या मते अर्थ एकच होता: बिस्किटकडे एकच हुकूम आहे, दुसरं पान साधं आहे. म्हणजे डेल्मरने दिलेला शब्द खोटा होता. तिने डेल्मरला फोन केला. तो म्हणाला, "डागणीला येतो. माझ्या बोटांनी बघतो. मग बोलू."

तेवढा वेळ व्हर्लिन थांबला नाही. गावातल्या कॉफीच्या टेबलावर त्याने ही गोष्ट रोज सांगितली. पोकोर्नीचा कागदी वळू. शेपटी खरं बोलते म्हणे, डोकं खोटं बोलतं. लोक हसायचे. तो चांगला सांगायचा. डेल्मरकडे वळू सांगून ठेवलेल्या दोघांनी नको म्हणून कळवलं, हे मला किराणा दुकानात समजलं. व्हर्लिनला ते आधीच माहीत होतं.

"तीस वर्षं बटाटे विकले," तो म्हणाला. "आता सोलून बघ म्हणावं."

ट्वायलाने शब्द पाळला. भुंडा हा शब्द ती पुन्हा बोलली नाही. रोजची कामं करायची, संध्याकाळी लवकर वर निघून जायची. वर्षाच्या वासरांना वजनं चढवताना तिने डोकी धरली. व्हर्लिन शिट्टी वाजवत स्क्रू आवळत होता. मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

डागणी मेच्या शेवटच्या शनिवारी होती. सकाळी थंडी होती. शेजारी ट्रकांतून घोडे घेऊन आले. गाई एका बाजूला काढल्या, वासरं मोठ्या वाड्यात कोंडली. दोन्हीकडून हंबरडे चालले होते. दोरवाले घोड्यावरून वासराचे मागचे पाय पकडून ओढत आणत. दोघं त्याला जमिनीवर धरत. एक जण डाग देई, एक जण लशीची सुई टोचे, एक जण सुरीने गोऱ्हे खच्ची करी. अंगणात लांब टेबल मांडलेलं होतं, त्यावर चौकटीचं कापड होतं. ट्वायला दोन दिवस राबली होती. भाजलेलं मांस, बीन्स, दालचिनीचे गोड पाव, ॲपल पाय. दर वर्षी असंच असतं. आधी काम, मग जेवण, मग कुणीतरी कुणाच्या तरी घोड्याची चेष्टा करतो आणि सगळे घरी जातात.

डेल्मर घोड्यावरून उतरला आणि सरळ वाड्यात शिरला. त्याने एक वासरू पकडून डोकं चाचपलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळे काम थांबवून बघत होते.

"खोटी शिंगं असतील का?" ट्वायलाने विचारलं. भुंड्या बापाच्या काही गोऱ्ह्यांना पुढे तशी शिंगं येतात, नुसत्या कातडीला लटकलेली. तिच्या आवाजात अजून आशा होती.

डेल्मरने मान हलवली. "नाही. खोटं शिंग इतक्या लवकर येत नाही, आणि आलं तरी डुलतं. याचं मूळ कवटीत बसायला लागलंय. शिंगंच आहेत."

त्याने हे स्वतःच्या विरुद्ध सांगितलं होतं. खोटं बोलला असता तर निदान शरद ऋतूपर्यंत कुणाला कळलं नसतं.

त्याने टोपी काढली. "ट्वायला, केस मीच उपटले होते. पाकिटं भरताना कुठेतरी गफलत झाली असणार. दुसऱ्याच वळूचे केस गेले असतील. वळू परत नेतो, तुझे पैसे देतो. आणि या वर्षी ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून वळू नेले, त्या सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगतो की माझ्या कागदावर विसंबू नका."

 व्हर्लिन फाटकाच्या खांबाला टेकून उभा होता. तो दिवस त्याचा होता. त्याला फक्त गप्प राहायचं होतं.

डेल्मर पुन्हा वासरांकडे वळला. एका कोंब फुटलेल्या गोऱ्ह्याच्या पाठीवर त्याने हात ठेवला. "पण दोष सांगितला तसा गुणही सांगतो," तो म्हणाला. "ही पाठ बघा. ही कंबर. तीस वर्षांत माझ्या एकाही वळूने अशी कंबर दिलेली नाही. गंमत म्हणजे शिंगवाली तेवढीच अशी आहेत. शिंगं सोडली तर बिस्किटने नाव काढलं म्हणायचं."

"खरंय," एक दोरवाला घोड्यावरून म्हणाला. "व्हर्लिन, इतक्या वर्षांत तुझ्याकडे अशी वासरं नव्हती. भुंड्याने तुझा कळप सुधारला."

दोघंतिघं हसले. ते हसणं वाईट नव्हतं. अडचणीत आलेल्या डेल्मरला जरा हात द्यावा, एवढंच.

मी व्हर्लिनकडे पाहत होतो. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो खांब सोडून पुढे आला.

"ती तुझी नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

"ती पाठ, ती कंबर. तुझ्या बटाट्याच्या सात पिढ्यांत सापडेल का? जजची आहेत ती."

ट्वायला सरळ उभी राहिली. "जज पलीकडच्या कुरणात होता."

"तू ओमाहाला गेलीस तेव्हा नव्हता." त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली. आता हसू येईल, अशी वाट पाहिल्यासारखी. "फाटक उघडलं, बादलीत दाणे दाखवले, आला मागोमाग. तुझं बिस्किट कुंपणाला पाठ लावून उभं राहिलं. शिंगं पाहिली आणि आपली जागा ओळखली. बघायला हवं होतंस तू. सगळा कार्यक्रम त्याने लांबून बघितला."

"आणि मी यायच्या आत जजला परत नेलंस."

"आदल्या दिवशी. गाडीत चढवताना उरलासुरला गुडघाही गेला माझा."

"म्हणून काळा वळू नको म्हणालास."

"काळा असता तर वासरांनीच चुगली केली असती. पांढऱ्या तोंडात पांढरं तोंड मिसळलं की कुणाच्या बापाला कळतंय? वासरांचा बाप कोण, हे तुमच्या त्या शेपट्या तपासणाऱ्यांना विचारायचं तुला सुचलं नाही, त्याला मी काय करू? यालाही सुचलं नाही. तीस वर्षं वळू विकतो."

गॅसच्या शेगडीचा आवाज येत होता. तिच्यात डाग द्यायच्या सळ्या लाल झाल्या होत्या. दोराला बांधलेलं एक वासरू जमिनीवर तसंच पडून होतं. कुणी हसलं नाही.

"व्हर्लिन," डेल्मर म्हणाला, "दोघांनी माझे वळू नाकारले."

"मग? मूर्खांना माल विकलास तर असंच होणार."

"मी आत्ता तुझ्या वाड्यात उभा राहून माफी मागितली."

"तेच तर सांगतोय. ज्याला स्वतःच्या वळूची खात्री नसते, तो अशीच मागतो. जजबद्दल कुणी असं बोललं असतं तर मी त्याला फाटकाबाहेर हाकललं असतं. तू लगेच टोपी काढलीस. शिंगं नसली की माणसाचंही असंच होतं."

मला वाटलं डेल्मर त्याला मारेल. त्याने टोपी झटकून डोक्यावर घातली, एवढंच. वासराला धरून बसलेल्या दोघांना तो म्हणाला, "त्याला किती वेळ ताटकळत ठेवणार? घ्या उरकून."

ट्वायला व्हर्लिनसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, अट काय होती?"

"माहितेय मला."

"बिस्किटचं एक जरी वासरू शिंगाचं निघालं तर. निघालं का?"

तो वासरांकडे पाहू लागला.

"निघालं का, बाबा?"

"नाही."

"मग रँच माझी झाली."

"घे," तो म्हणाला. "केल्गार्ड दिला शब्द मोडत नाही." हे तो खरोखर म्हणाला. तेवढ्या माणसांसमोर, मान ताठ ठेवून.

"नको," ट्वायला म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी समजावून सांगेन.

"नको म्हणजे?"

"म्हणजे मला नको. तू एकदा तोंडावर नाही म्हणाला असतास तर मी भांडले असते, राहिले असते. तू मला वर्षभर वेड्यात काढलंस आणि बघत बसलास. डेल्मर, तुला गाईंकडे बघायला माणूस हवं होतं ना?"

"हवंय," डेल्मर म्हणाला.

"मी येते. वळू माझा आहे, तो घेऊन येते."

त्यानंतर काम चाललं. वासरं आयांपासून तोडलेली होती, ती तशी सोडून कुणी जात नाही.  दोर पडत होते, धूर निघत होता, केस जळल्याचा वास सगळीकडे होता. विकायच्या शिंगवाल्या गोऱ्ह्यांची पाळी आली तेव्हा व्हर्लिनने धारदार चमचा घेतला आणि डोकं धरायला कोण येतंय ते पाहू लागला. कुणी आलं नाही. ट्वायला सुया भरत राहिली. शेवटी त्याने चमचा बादलीत टाकला. जजची सगळी वासरं शिंगांसकट सुटली.

शेवटचं वासरू उठल्यावर लोकांनी दोर गुंडाळले. हात धुवायला सगळे सवयीने अंगणाकडे वळले. ट्वायला स्वयंपाकघराच्या दारात मोठी परात घेऊन उभी होती.

"जेवण तयार आहे," ती म्हणाली, "पण डेल्मरकडे आहे. हात लावा, गाड्यांत भरू."

माणसं क्षणभर उभी राहिली. मग एकाने परात घेतली. दुसऱ्याने बीन्सचं पातेलं उचललं. ॲपल पाय, पाव, कॉफीचं मोठं पिंप, सगळं एकेक करून व्हर्लिनसमोरून गेलं. मी असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या टेकड्यांत माणसं भांडतात, कोर्टात जातात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पण डागणीचं जेवण डागणीच्या घरीच होतं. माझ्या आजोबांनी ज्या माणसावर एकदा बंदूक रोखली होती, त्याच्या अंगणात ते दर वर्षी जेवायचे.

बिस्किट डेल्मरच्या गाडीत चढायला अडला नाही. ट्वायलाने एक बॅग आणली. जाण्याआधी ती परत आत गेली, बाहेर आली आणि त्या लांब टेबलावर एक ताट ठेवून गेली. वरून झाकलेलं. मग गाड्या निघाल्या.

मी माझ्या गाडीशी पोचलो होतो तेव्हा व्हर्लिनने हाक मारली.

"मास्तर, बस."

मी बसलो नाही. टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्याने ताटावरचं झाकण काढलं. तिने मांसाचा कडेचा, करपलेला तुकडा वाढला होता. त्याला तोच आवडतो. त्याने सुरी उचलली आणि जेवायला लागला. टेकडीवरून शेवटच्या गाडीची धूळ जात होती.

तो सावकाश चावत होता. मी थांबलो होतो. मला वाटत होतं, आता काहीतरी येईल. तिचं नाव तरी.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला.

"काय?"

"पोकोर्नी काय म्हणाला ते. तीस वर्षांत अशी कंबर दिली नाही म्हणाला. त्याच्याच तोंडून. सगळ्यांसमोर." त्याने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. त्याचे डोळे चमकत होते. "तू होतास ना तिथे? तू ऐकलंस."

"ऐकलं," मी म्हणालो.

"झालं तर मग."

त्याने ताट पुसून खाल्लं. खुर्ची मागे सरकवली, रिकाम्या टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि ओठ मुरडले.

"मीठ कमी पडलंय," तो म्हणाला. "रविवारी येतोस ना?"

मी नाही म्हणालो. त्याने खांदे उडवले आणि वासरांचं फाटक उघडायला लंगडत निघाला. गाई पलीकडून ओरडत होत्या. मी गाडी सुरू केली आणि डेल्मरच्या खोऱ्याकडे वळवली. मला भूक लागली होती.